पावकी

गोळी चार भागांत फुटत नाही.
दोन भागांत फुटते, तेही सुरीची धार
आणि माझा चष्मा, दोन्ही जागेवर असले तर.
चौथा तुकडा कागदावर पीठ होऊन उरतो.
मी कागदाची पुडी बांधतो. सांगतो, झटकून पाजा.

मोहाळीच्या दवाखान्यात या खिडकीत अठ्ठावीस वर्षं.
आज टपालानं बाड आलं:
देशभर एकच तक्ता करायचा आहे, लेकरांच्या मात्रेचा.
वय, वजन, औषध, मिलीग्रॅम.
खाली बारीक अक्षरात, आपला अनुभव कळवावा.
जागा दोन ओळींची.

काय कळवू?
की बाटली तीच, झाकण तेच गुलाबी,
कधी सव्वाशेची येते, कधी अडीचशेची,
आणि रेवत कोडापेची माय रंग ओळखते, आकडा नाही.
की झोळीच्या काट्यावर रेवत सहा किलो दोनशे,
रडायचा थांबला की सहा.

मागल्या धानकापणीत इंदिरा लोनबलेनं, आमच्या आशाताईनं,
घरोघरचे चम्मच मागून आणले.
मी सिरिंजनं पाणी सोडून मोजले.
तीन. चार. साडेसहा.
एक नऊचा, लग्नातल्या आहेरातला,
दांड्यावर मामा-मामीचं नाव कोरलेला.
‘चम्मच म्हंजे चम्मच न बावा,’ म्हातारी म्हणाली,
‘त्यात काय मोजतं?’

चौथीत गुरुजींनी पावकी घोकून घेतली होती.
एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण.
त्यावर धान मोजलं, राकेल मोजलं.
लेकराची पावकी कोणी शिकवली नाही.
मोठ्या माणसाचा सदरा उसवून
अंदाजानं झबलं बेतावं,
तशी आम्ही मात्रा बेतत आलो.

एकदा चुकलो आहे.
नाव लिहीत नाही.
पोर दोन दिवस झोपून होतं,
तिसऱ्या दिवशी उठून भात मागितला.
त्या गल्लीतून मी अजून सायकल काढत नाही.

हे दोन ओळींत बसेना.
मग कागद उलटा केला, नऊचा चम्मच पालथा ठेवला,
भोवती पेन्सिल फिरवली.
आकार उतरला, खोली उतरली नाही.
ती शेजारी आकड्यात लिहिली.

बाहेर रेवतची माय, पदराखाली ताप.
काटा लावला. सहा किलो साडेचारशे, रडणं धरून.
तक्ता छापून येईल तेव्हा येवो,
हे पोट्टं तवर सातावर जाते.