पाय प्लास्टरात असताना इस्तंबूल

तिकिटं चौघांची होती.
निघायला नऊ दिवस असताना
विहिरीच्या पायरीवरनं मी घसरलो
आणि डॉक्टरनं टाचेपासून गुडघ्यापर्यंत
पांढराशुभ्र नकार लिंपून दिला.

तर मी तासगावात, गच्चीवर, बाजेवर,
पाय दोन उशांवर, मोबाईल तिसरीला टेकवून;
आणि ते तिघं तिकडं.
सर्जेरावनं माझं तोंड काठीच्या टोकाला अडकवलं
आणि गुढीसारखं उभारून
अख्ख्या शहरातनं मिरवलं.

पहिल्या दिवशी नुसतं आभाळ.
'खाली कर लेका,' मी ओरडलो.
मग घुमट आले, मग एक मांजर,
मग बराच वेळ तेच मांजर.

इकडं रात्रीचे नऊ, मे महिना, लाईट गेलेली.
तिकडं साडेसहा, आणि भिंतींवर पिवळंधमक ऊन.
मला वाटलं, हे आपलंच की,
दिवसभर द्राक्षांच्या मांडवावर वापरून झालेलं,
आता उतरत्या भावानं त्यांच्याकडं गेलेलं.
नेमगोंडा दिवस मावळल्यावर तोंडात पाणीसुद्धा घेत नाही.
तो विचारायचा, 'तुझ्याकडं मावळला?'
'कधीच.'
'माझा आहे अजून,' म्हणायचा,
आणि तीळ लावलेलं पावाचं कडं
सवडीनं, एकेक तीळ मोजल्यासारखं खायचा.

निळ्या मशिदीच्या दारात
इलाहीनं फोन बुटात ठेवला, बूट पिशवीत,
मला बंद करायचं विसरला.
वीस मिनिटं मी बुटाच्या आतला अंधार बघितला
आणि नाडीचं एक टोक.
लांबून पावलं, गालिच्यात बुडालेली.
फोन ठेवावासा वाटला नाही.
बाहेर आल्यावर तो कितीतरी वेळ गप्प.
मग म्हणाला, 'तुझ्या पायाचंही बोललोय.'

मसाल्याच्या बाजारात सर्जेराव हरवला.
सापडला तो बेदाण्याच्या ढिगात, कोपरापर्यंत.
एक दाणा दातानं फोडून, उजेडात धरून,
दुकानदाराला मराठीत सांगत होता,
'दादा, शेडवर दोन दिवस जास्त राहिलाय बघा हा.'
दुकानदार हसला, त्यानं चहा मागवला.
मला काठीवरनं खाली उतरवून
ढिगाच्या उंचीला आणलं: 'बोल, कितीला जाईल आपल्याकडं?'
मी भाव सांगितला.
त्यांच्या पैशात तो किती, कुणालाच कळलं नाही,
तरी सौदा झाल्यासारखं वाटलं.

शेवटच्या संध्याकाळी बोट.
'वीस मिनिटांत खंड बदलतो,' सर्जेराव म्हणाला,
'आपल्याला सांगली गाठायला याच्या दुप्पट लागतात.'
पलीकडच्या धक्क्यावर दोर पडला
आणि नेमगोंडा ओरडला,
'ये, आलो बघ आशियात! आता एका बाजूला आपण!'
वाऱ्यात आवाज तुटला. चित्र थिजलं.
तिघांची उघडी तोंडं, मागं अर्धा पक्षी,
आणि माझ्या गच्चीवर पंखा अचानक फिरायला लागला.

आले ते माझ्यासाठी अर्धा किलो बेदाणा घेऊन.
तासगावात! बेदाणा!
बायको आठवडाभर हसत होती.

पण आता कुणी विचारलं,
'ते गळ टाकून बसतात तो पूल कुठला?'
की तिघं एकमेकांकडं बघतात, मग माझ्याकडं.
मीच सांगतो. नाव सांगतो,
लाल स्वेटरवाल्या म्हाताऱ्याला
एकही मासा लागला नाही तेही सांगतो.
त्यांना आठवणार कसं?
सगळा वेळ ते काठीच्या टोकाकडं बघत होते,
'दिसतंय का रे? आता दिसतंय?'

परवा प्लास्टर कापलं.
आतनं एक बारीक, गोरटेला पाय निघाला,
परमुलखात नुकताच उतरल्यासारखा, बावरलेला.
तिघांनी बगलेत धरून त्याला गाव दाखवलं:
हे गणपतीचं गोपुर, वर बघ,
हा स्टँड, ही वडाप,
इथं जरा जपून, खड्डा आहे.