शेवटची ओळ

दांडिया बाजारातलं माझं चष्म्याचं दुकान रविवारी बंद असतं,
म्हणून त्यांना रविवारीच बोलावलं.
शटर अर्धं वर. शेजारचा फरसाणवाला विचारतो, आज कसं काय उघडं?
स्टॉक मोजतेय, म्हटलं.
तसं खोटं नव्हतं.

आणंदचा एक, सहा फूट, एम.टेक.,
लिहितो : पद्धत नैसर्गिकच, नळीबिळी नको.
पुढे डोळा मारणारं पिवळं तोंड.
दुसऱ्याने आपली दोन मुलं पाठवली, चेहरे पुसून,
कापडवाला ताग्याचं टोक दाखवतो तशी.
मकरपुऱ्याचा तिसरा बायकोची संमती घेऊन आला,
सही, आणि सहीखाली अंगठाही.
अंगठ्याचं कुणी सांगितलं असेल तिला?
तो कागद मी फार वेळ हातात धरून बसले.
त्याला नको म्हटलं. तिच्यासाठी.

यादी माझ्याकडेही होतीच की :
थॅलेसेमिया, एचआयव्ही, सिकल सेल, उंची,
आजोबा कशाने गेले.
सोळा वर्षांपूर्वी कारेलीबागेत
मुलाची मावशी म्हणाली होती, जरा चालून दाखव.
हल्ली प्रश्न विचारताना
माझा आवाज तिच्यासारखा लागतो.

चौथा फतेहगंजहून चालत आला.
नाव सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.
काय बोलावं सुचेना, तेव्हा सवयीने
खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला.
वाचा.

शेवटच्या ओळीला लोक अंदाज ठोकतात,
वीस वर्षं बघतेय.
वकील, पुजारी, शाळेतली पोरंसुद्धा.
भिंतीवरच्या तक्त्यापुढेही नापास व्हायचं नसतं कुणाला.
हा थांबला. पुढे झुकला नाही, डोळे बारीक केले नाहीत.
म्हणाला, ही नाही दिसत.
वरची?
तीही नाही. मागच्या वर्षी दिसायची.

उजवा उणे साडेतीन. डावा उणे पावणेचार.

रिपोर्ट नंतर पाहिले, एकेक पान, दोनदा.
पैसे घेणार नाही म्हणाला.
मग मीही नव्या काचांचे घेतले नाहीत,
आणि दोघंही थोडा वेळ
हिशोब चुकल्यासारखे उभे.

पोराला चष्मा लागेल. बहुतेक पाचवी-सहावीतच.
लागू दे.
सगळ्यात खालच्या खणात लहान फ्रेमा असतात,
कानामागे वळणाऱ्या मऊ दांड्यांच्या.
शटर ओढण्याआधी तो खण बाहेर काढला,
फडक्याने पुसला, परत लावला.
फरसाणवाला म्हणाला, जुळला का स्टॉक?