तीनशे एक

वीरभद्र मलवाडे सव्वानऊला जिना चढून आले,
हातात करडीच्या तेलाची बाटली.
"म्याडम, गुगलात मी मेलो का काय?
गंजगोलाईत दुकान हाय तिथंच हाय,
घाणा फिरायलाय,
पण करडी तेल लातूर टाकलं की
मी दिसंनाच झालो की."

भाच्यानं साइटचं नाव बदललं होतं.
नवं नाव आखूड, बोर्डही नवा.
जुन्या साइटवर करडी, जवस, तीळ, शेंगदाणा,
ज्याचं त्याचं वेगळं पान,
सात वर्षं मुरलेलं;
जवसाला तर सोलापूरच्या एका वैद्यानं
आपल्या साइटवरून लिंक दिलेली.
भाच्यानं एकच ओळ लिहिली:
जुनं जे जे येईल ते पहिल्या पानावर धाडा.
आणि आकडा टाकला तीनशे दोन.
म्हणजे तात्पुरतं.

गुगलनं जवस विचारलं, त्याला उंबरठा दाखवला.
तीळ विचारले, पुन्हा उंबरठा.
त्यानं धरलं की आत काही नाहीच,
आणि एकेक नोंद गाळत गेला.

तात्पुरतं हा शब्द मी लहानपणीच शिकले.
भूकंपानंतर आमची शाळा पत्र्याच्या शेडात भरायची,
दारावर निळ्या रंगात: तात्पुरता निवारा.
तीन उन्हाळे.
पत्रा गंजला, अक्षरं तशीच.

मग नवं गाव मिळालं, वर माळावर.
रस्ते सरळ, घरांना नंबर,
आणि कुणाला कुणाचं घर सापडेना.
पत्रं मात्र जुन्याच पत्त्यावर यायची:
वेशीजवळ. लोहाराचा बोळ. चिंचेखालचं घर.
वेस उरली नव्हती.
चिंच होती, खाली घर नव्हतं.

मौलासाब पोस्टमननं सगळा गठ्ठा ग्रामपंचायतीत टाकला असता
तरी कुणी बोललं नसतं.
त्यांनी शंभर पानी वही आखली.
डावीकडं जुनं, उजवीकडं नवं.
लोहाराचा बोळ, तिसरं दार: घर एकशे ब्याऐंशी.
चिंचेखालचं घर, धाकटी पाती: घर चौतीस.
ते आम्ही.
थोरल्या पातीपुढं उजवी बाजू कोरी.
अशी पत्रं ते तांबड्या शाईनं शेरा मारून
परत पाठवायचे,
दुसऱ्या कुणाच्या दारात टाकायचे नाहीत.

मी एक्सेल उघडलं. त्रेचाळीस ओळी.
डावीकडं जुनी पानं, उजवीकडं नवी.
जवस जवसाकडं, तीळ तिळाकडं.
पुढं तीनशे एक. कायमचं.

मध्येच आणखी एक नाव निघालं,
भाच्यानं आधी घेऊन पाहिलेलं.
जुन्यावरून त्याच्यावर, त्याच्यावरून ह्याच्यावर.
म्हटलं, लातूरहून औशाला जायचं तर
मुरूडला कशाला चहा प्यायचा?
मलवाडे हसले. मधलं नाव काढलं.

"मोहरीचं पान?"
"ते तेल आता काढत नाही की."
"मग त्याला चारशे दहा."
"म्हंजी?"
"होतं. आता नाही. शोधत येऊ नये."
ते बाटलीच्या बुचाकडं बघत राहिले.
"करडीकडं वळवलं तर?"
"मोहरी मागणाऱ्याला करडी देता का दुकानात?"
"न्हाई."

"किती दिस लागतील?"
खरं सांगितलं, माहीत नाही.
बॉट येईल तेव्हा येईल,
सवयीनं जुनंच दार वाजवील,
पाटी वाचून वळेल, पुन्हा येऊन बघेल
पाटी अजून आहे का.
"मग जुन्या नावाचे पैसे भरायचे?"
"भरा. निदान वर्षभर."
आमच्या चिंचेच्या पत्त्यावरचं शेवटचं कार्ड
हैदराबादहून आलं, अकराव्या वर्षी.
ते चौतीस नंबरला पोचलं.
हे काही त्यांना बोलले नाही.

एकविसाव्या दिवशी फोन.
"म्याडम, दुसऱ्या पानावर हाव. करडीत.
जवस तर पहिल्यावर, पार खाली, पण हाय."
"आणि मोहरी?"
थोडा वेळ घाण्याचा आवाज.
"मोहरी दिसंना."
"बरोबर आहे," म्हटलं.