घडी

पुनोच्या इस्पितळात, रात्रपाळीला
एक खाट पुसायला मला बारा मिनिटं लागतात.
क्लोरीनचं पाणी, मग कोरडं फडकं,
मग कठड्याखालचे कोपरे, जिथे कुणी बघत नाही.
त्या रात्री माझं आटोपत आलं तरी
दाराबाहेर डॉक्टरांची बेरीज चालूच होती.

मूत्रपिंडाचे दोन, रक्तदाबाचा एक, श्वासाचे चार,
वाणसामानाचा हिशेब करावा तशी, हलक्या आवाजात.
दोघांचेही सातच आले.

"मग आधी आला तो," धाकटा डॉक्टर म्हणाला.
डॉक्टर इल्दा कासेरेस चष्मा पुसत राहिली.
"आधी आला तो टॅक्सीने आला, चार चौक ओलांडून.
ती बेटावरून निघाली काल पहाटे,
बोटीला डिझेल मिळेपर्यंत दुपार कलली.
सरोवराची रुंदी तिच्या नावावर मांडायची का?"

कुणी बोललं नाही.
नियमांच्या कागदावर तळाशी एकच शब्द उरला होता: चिठ्ठी.

हातमोज्यांच्या रिकाम्या खोक्यात दोन चिठ्ठ्या टाकल्या
आणि मला हाक मारली.
मी दोघांचीही कुणी नव्हते म्हणून.
मला वाचता येत नाही असंही वाटलं असेल.
"तेओदोसिया, डोळे मीट. एक उचल."

मिटले.
पण बोटांना पापण्या नसतात.
एका चिठ्ठीची घडी साधी, दुहेरी.
दुसरी चौपदरी, कडा नखाने दाबून दाबून बसवलेल्या,
ते नाव लिहून झाल्यावर
कुणाचा तरी हात तिथे जरा जास्त रेंगाळल्यासारखी.

एक उचलली.
कुठली, ते सांगणार नाही.
इल्दाने वाचली, मान हलवली,
चाकं वाजत आत गेली.
खाट अजून ओली होती.

राहिलेल्या माणसाला खिडकीशी नेलं.
मॉर्फिन, घोंगडी, आणि उशाशी एक नर्स.
मी तिथली फरशी पुसली. स्वच्छ होती, तरी पुसली.

तीन आठवड्यांनी त्या घरातलं कुणीसं
कागदपत्रं न्यायला आलं.
मला शोधत जिन्याखाली आलं,
गोठवून सुकवलेल्या बटाट्यांची पुरचुंडी हातात दिली.
"शेवटी तुम्ही होतात म्हणे आसपास."
घेतली. नको म्हणायला तोंड नव्हतं.

घरी येऊन भिजत घातले.
सकाळी दिवा न लावता पातेल्यात हात घातला,
एकेक चाचपून पाहिला.
सगळे सारखेच लागले.