देवस्थळींचं बटण

कर्वेनगरच्या या फ्लॅटमध्ये
देवस्थळींनी सगळं स्वतः केलेलं.
नळाला एमसील, एमसीलवर सुतळी,
सुतळीवर ऑइलपेंट.
बेसिनखाली सायकलची ट्यूब, गाठ मारून.
पंख्याचं बटण दाबलं की
बाथरूममध्ये दिवा लागतो.

इरफान बोर्ड उघडतो, हसत सुटतो:
"ताई, हे मिस्तरीचं काम नाही, हौसेचं आहे."
दिवसभर आम्ही देवस्थळी खरवडतो
भिंतींवरून, पटाशीने.

बेडरूममध्ये एक बटण
जमिनीपासून जेमतेम हातभर.
"हे वर घेऊ ना?"

मी खाली बसून बघते.
बटणाभोवती बोटांनी काळवंडलेला चुना,
फरशीवर एका गादीचा फिकट आयत.
डाव्या कुशीवर वळलं की
हाताशी येईल असं.

"राहू दे," मी म्हणते,
"आधी नळाचं बघ."