अळणी

परवा रात्री मासा पाण्यात घातला.
कॉड. मीठ लावून वाळवलेला, फळकुटासारखा ताठ,
बादलीबाहेर शेपूट काढून
न्हाणीघरात उभा.
दर सहा तासांनी पाणी बदलायचं.
आमच्याकडे हे काम बाबांचं.
पहाटे तीनला दबकी पावलं, मग बादलीची कडी,
कितीही जपलं तरी वाजणारी.
मी पांघरुणातून ऐकायचे
आणि मला नाताळ आल्याचं कळायचं.

यंदा गजर माझ्या उशाशी.

सकाळी फोन कंपनीला पुन्हा फोन.
ऑक्टोबरपासूनचा चौथा.
"कनेक्शन बंद करायचं तर
ग्राहकाला स्वतः बोलू द्या."
म्हटलं, बाई, ग्राहक
चॅपेलमागे सायप्रसखाली आहेत,
तिथं रेंज नाही.
थांबा म्हणाली, आणि घंटांची धून लावून दिली,
वीस मिनिटं.
बिल अजून त्यांच्याच नावानं येतं.
खरं सांगू? मी भरते.

दुपारी आदेरितो आला.
लक्झेंबर्गहून, दोन दिवस गाडी हाकत,
बायको, दोन मुलं, टपावर बांधलेली सायकल.
आईला मिठी मारली. कुत्र्यालाही.
"मिरांदेलाच्या पुढे धुकं होतं फार,"
हे त्यानं भिंतीला सांगितलं.

चौदा महिने.
चेस्टनटच्या एकोणीस झाडांवरून.
बाबा पहिल्यांदा हॉस्पिटलात होते तेव्हा
यानं कागद पुढे केला, त्यांनी सही केली,
आणि मला कळलं मासळीच्या दुकानात,
रांगेत, तिसऱ्याच बाईकडून.
मी त्याला काय बोलले ते मला पाठ आहे.
तो काय बोलला तेही.
दफनाच्या वेळी आम्ही
खड्ड्याच्या दोन कडांना उभे होतो,
एकाच छत्रीला पुरेल एवढ्या पावसात,
दोन छत्र्या घेऊन.

ऐन बटाटे उकळताना सिलिंडर संपला.
कोबी अर्धा कच्चा. दुकान बंद.
आई माझ्याकडे अशी पाहते
जसा मीच गॅस पिऊन बसले.
आदेरितोनं मुकाट्यानं अंगणात चूल पेटवली,
ऑलिव्हच्या ओल्या फांद्यांवर.
चेस्टनटचं एक लाकूड ढिगात होतं.
ते त्यानं बाजूला ठेवलं.
मी पाहिलं. त्यानं मी पाहिल्याचं पाहिलं.

आईनं बाबांचं पान वाढलं.
धाकटा विचारतो, "आजोबांना कुठला तुकडा?"
"पाठीचा. त्यात काटे कमी."
भावजय हसली, मग तिलाच
कुठे बघावं कळेना.

या रात्री आमच्याकडे ताटं उचलत नाहीत.
गेलेली माणसं येतात म्हणे, गारठलेली, भुकेली.
उष्टा बटाटा, अर्धी वाइन, पावाचा चुरा,
सगळं तसंच ठेवायचं.
मला काही पटत नाही.
मला फक्त सकाळचं थिजलेलं तेल दिसतं
आणि गरम पाणी नसलेला सिंक.

तीनला गजर झाला.
बंद करायचं राहून गेलं होतं.
मासा तर पोटात गेलेला, तरी उठले,
मोजे चढवले.
स्वयंपाकघरात दिवा होता.
बाबांच्या खुर्चीत आदेरितो,
बाबांच्या ताटातला थंड मासा
हातानं खात.
मला पाहून थांबला नाही.

"अळणी झालंय," म्हणाला.

"सात पाणी बदलले," मी म्हटलं.
"बाबा बदलायचे तसेच."
"बाबा?" त्यानं एक काटा ताटाच्या कडेला लावला.
"तीनचं पाणी मी बदलायचो.
बाबा घोरत असायचे."

मी मिठाचा डबा काढून त्याच्यापुढे सरकवला.
झाडांचं कुणी काढलं नाही.
ते निघेलच, परवा, तेरवा,
तो परत जायच्या आत, मोठ्या आवाजात.
कॉफी हवी होती, पण गॅस नव्हता.
एकाच ताटातून खाल्लं, काटे चाचपत.

सकाळी आई ताटाजवळ बराच वेळ उभी.
"जेवून गेले," म्हणाली.
मी आदेरितोकडे पाहिलं. त्यानं भिंतीकडे.
मग तिनं मिठाचा डबा उचलला,
झाकण घट्ट लावलं, फळीवर ठेवला.
"डॉक्टरांनी सांगितल्यापासून," ती म्हणाली,
"वरून मीठ कधी घेतलं नाही त्यांनी."
आणि आम्हां दोघांना
लाकडं आणायला पाठवलं.