कानाला नळी लावून

बत्तीस वर्षं मी पानेवेझीसच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये
"थांबा, जोडते" म्हणत बसले.
डाव्या कानामागे हेडफोनचा वळ अजून आहे,
तिथले केस वेगळेच उगवतात.
मग यंत्र आलं. माझी खुर्ची कुणी घरी नेली कोण जाणे.
आणखी अकरा वर्षं पोस्टात तिकिटं विकली,
आणि एका शुक्रवारी केक, फुलं, घड्याळ.
निवृत्त माणसाला घड्याळ का देतात,
हे मला कुणी सांगितलेलं नाही.

पहिली पेटी दिली शेजारच्या योकूबासने.
किती पैसे, विचारलं
तर त्याने पेटीवरचा हातच काढून घेतला.
मधमाशी विकत घेत नसतात, म्हणाला,
वाटून घेतात.
आणि वाटून घेतली की सोयरीक होते.
आमच्या लिथुआनियन भाषेत या सोयऱ्याला शब्द आहे,
माशीच्याच नावातून निघालेला.
म्हणजे वयाच्या सहासष्टाव्या वर्षी
हा खोकणारा, नेलेली शिडी परत न करणारा म्हातारा
माझा सोयरा झाला.

एप्रिलात वाळुंज फुलला.
त्या घरी आल्या पायांना पिवळी पिठी लावून,
उंबऱ्यावर धडपडत, बाजारातून परतलेल्या बायांसारख्या.
पहिला डंख पापणीवर.
बिशपच्या कानावर पडू नये असं काहीतरी बोलले मी,
मग तीन दिवस एका डोळ्याने पत्ते खेळले,
आणि जिंकले.

मुलगी बर्गनहून फोनवर हिशेब मांडते:
पेटी, जाळीचा टोप, धुराडं, साखरेची पोती.
आई, तुझा मध किलोला नव्वद युरो पडला.
मी म्हटलं, तू सहा वर्षं पियानो शिकलीस,
त्याचा दर काढू का?

ऑगस्टात गोचिडांचं औषध घालायचं असतं.
योकूबास दोनदा सांगून गेला.
पण तळ्याचं पाणी तेव्हा इतकं कोमट होतं,
आणि मी आयुष्यात पहिल्यांदाच
सोमवारी पोहत होते.

जानेवारीत बर्फ उकरून
रबरी नळीचं एक टोक पेटीच्या दारात घातलं,
दुसरं कानात. डाव्याच.
मला माणसं आवाजावरून कळायची.
रडून आलेला माणूस नंबर सांगताना मधला आकडा गिळतो.
बंद पडलेली लाइनसुद्धा कळायची.
ही तशी होती.

उघडलं. मूठभर राहिल्या होत्या,
डोकी रिकाम्या घरांत खुपसलेली,
आणि दोन बोटांवर मध, भरलेला, झाकणबंद.
योकूबासने टोपी काढली.
आमच्याकडे गायीघोड्यांच्या मरणाला एक क्रियापद आहे,
माणसाच्या मरणाला दुसरं.
मधमाशी माणसांत मोजतात.
"वारल्या," तो म्हणाला. औषधाचं नाव काढलं नाही.
काढायला हवं होतं.

जमीन दगडासारखी गोठलेली.
जॅमच्या बरणीत ठेवल्या, न तापवलेल्या खोलीच्या खिडकीत,
आणि माती मऊ झाली तेव्हा
सफरचंदाखाली पुरल्या. बरणी धुऊन घेतली.
मे महिन्यात सोयरा पुन्हा कुंपणाशी उभा,
काखेत दुसरी पेटी.

यंदा ऑगस्टात तळ्याकडे फिरकले नाही.

आज सकाळी उणे चौदा.
गुडघ्याखाली पोतं घालून बसले, नळी लावली.
आधी माझाच श्वास ऐकू आला.
मग त्याच्या मागून, खालच्या पट्टीत,
न तुटणारा, कुणाचाच नंबर न मागणारा
तो सूर.
कुणाला कुणाशी जोडायचं नव्हतं.
लाइन चालू आहे, एवढंच.

"आहेत का?" योकूबास कुंपणापलीकडून ओरडला.
मी ओठांवर बोट ठेवलं.
तो गप्प झाला, खोकला मात्र आवरेना त्याला.
त्याच्या गोठ्याला टेकून, बर्फात निम्मी बुडालेली,
माझी शिडी दिसत होती.